वेशी, दरवाजे आणि वीरगळी: दगड वाचता येईल असा फोटो कसा काढायचा

माझा धंदा लग्नाच्या फोटोंचा. साताऱ्यात स्टुडिओ आहे. तुळशीचं लग्न लागलं की जी धावपळ सुरू होते ती आखाड लागेपर्यंत. त्यातून मोकळा दिवस मिळाला की मी गावोगावच्या वेशी, वाड्यांचे दरवाजे आणि लढाईत गेलेल्या माणसांची स्मारकं टिपायला बाहेर पडते. अलीकडे बरेच जण विचारतात, ताई, आम्हीही किल्ल्यावर जातो, फोटो काढतो, पण दरवाजावर काय कोरलंय ते फोटोत दिसतच नाही, स्मारकावरची नावं पुसट येतात, असं का? त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

आधी एक गोष्ट ठामपणे सांगते. दरवाजाच्या फोटोत माणूस आत कसा शिरत होता ते कळलं पाहिजे आणि स्मारकाच्या फोटोत निदान एक नाव स्पष्ट वाचता आलं पाहिजे. एवढं साधलं नाही, तर आकाशात कितीही रंग उधळलेले असोत, मी तो फोटो बाजूला ठेवते. ज्याने कुणी तो दगड घडवून घेतला त्याने तो वाचण्यासाठीच उभा केला होता.

ऊन कुठून येतं ते आधी बघा

कोरीव दगडाचा फोटो चांगला येणं-न येणं बहुतांशी एकाच गोष्टीवर ठरतं: उजेड समोरून पडतोय की घासून जातोय. समोरून पडला तर रंग छान येतो, पण कोरीव काम सपाट होतं, कारण खोलगट भागात सावलीच राहत नाही. तोच उजेड भिंतीला लगटून, तिरपा गेला की प्रत्येक अक्षराची एक कड उजळते, दुसरी काळी होते आणि उजाड दिसणाऱ्या दगडावर ओळीच्या ओळी उभ्या राहतात.

म्हणून निघायच्या आदल्या रात्री दरवाजाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते नकाशावर बघून ठेवा, जागेवर पोचल्यावर मोबाइलच्या होकायंत्रात पुन्हा खात्री करा. दरवाजा पूर्वेकडे तोंड करून असेल तर सकाळी सातचं ऊन थेट तोंडावर येतं. पूर्ण दरवाजाचा, दगडाच्या रंगाचा फोटो हवा असेल तर ही वेळ उत्तम. शिलालेख किंवा शरभ (दरवाजावर कोरलेला सिंहासारखा काल्पनिक पशू) टिपायचा असेल तर थांबा. साडेअकराच्या सुमारास तेच ऊन भिंतीवरून वरून खाली घासत उतरतं. भर दुपारी कॅमेरा पिशवीत ठेवायचा असतो असं सगळीकडे सांगतात. माणसांच्या चेहऱ्यांसाठी ते खरं आहे, उभ्या भिंतीवरच्या कोरीव कामासाठी नाही. पश्चिमेच्या दरवाजाला हेच गणित उलटं लावा.

उत्तर आणि दक्षिण दिशांची गोष्ट वेगळी आणि फार कामाची आहे. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो. त्यामुळे पुणे-सातारा भागात साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. या दिवसांत उत्तरेकडच्या भिंतीवर ऊन येतं आणि दक्षिणेकडची भिंत सावलीत राहते. डिसेंबरात बरोबर उलट. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. थंडीत जाल तर दरवाजा दिवसभर सावलीत आणि मागचं आकाश पांढरंफटक. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात सकाळी आठ-नऊला गेलात तर डावीकडून येणारं तिरपं ऊन बुरुजांच्या गोलाईवरून सरकत असतं, दगडांचे थर मोजता येतात. पुढे जूनमध्ये ढग येतात आणि ही संधी जाते. वर्षातले थोडेच दिवस हाताशी असतात, ते लग्नसराईतही मी राखून ठेवते.

ढगाळ दिवस वाया जातो असं मात्र समजू नका. ओला काळा दगड गडद होतो, शेवाळ्याचा हिरवा उठून दिसतो, कोकणातला जांभा तर पावसातच खरा लाल दिसतो. शिलालेख वाचायला ते दिवस वाईट, लाकडी दरवाजे आणि वाड्याच्या चौकांसाठी फार चांगले.

दरवाजा: येणाऱ्याच्या वाटेने या

किल्ल्याचा दरवाजा समोरून, मधोमध उभं राहून काढला की तो कुठलाही दरवाजा होऊन बसतो. आपल्याकडच्या गडांवर दरवाजा समोरून दिसूच नये अशीच तर रचना केलेली असे. रायगडाचा महादरवाजा दोन भल्यामोठ्या बुरुजांच्या कुशीत आहे, एक सुमारे ७५ फूट उंच, दुसरा ६५. चढून येणाऱ्याला बुरुज दिसतात, दरवाजा दिसत नाही. शेवटचं वळण घेतलं की तो एकदम समोर येतो. ही गोमुखी बांधणी फोटोत यायला हवी. त्यासाठी तीन फोटो काढा. पहिला खालच्या वाटेवरून, ज्यात फक्त बुरुज आहेत. दुसरा वळणावरून, ज्यात कमानीची एकच बाजू डोकावते. तिसरा समोरून, ज्यात कमानीच्या दोन्ही अंगांची कमळं येतात. हे तीन शेजारी ठेवले की न चढलेल्या माणसालाही शत्रूची काय गत होत असेल ते कळतं.

लोहगडावर उलट करा. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी चार दरवाजांची नागमोडी माळ आहे. एकेक दरवाजा टिपत वर जा आणि वर पोचल्यावर तटावरून खाली बघून एक फोटो घ्या. पायऱ्यांचा पीळ, त्यात अडकवलेले दरवाजे, प्रत्येक वळणावर येणाऱ्याची उघडी पडणारी बाजू, सगळं एका नजरेत येतं. सकाळी लवकर गेलात तर गर्दी नसते. पण एखादा गडी डोक्यावर ओझं घेऊन चढत असेल तर त्याला फोटोत येऊ द्या, दरवाजाची उंची माणसाशिवाय कळत नाही.

जंजिऱ्याचा मुख्य दरवाजा राजपुरीच्या बाजूला, पूर्वेकडे आहे. शिडाच्या होडीतून जाताना अगदी जवळ येईपर्यंत तो तटात लपलेला असतो. म्हणून होडी निघाल्यापासून थोड्या थोड्या वेळाने एकेक फोटो घेत राहा, दरवाजा कधी उघडा पडला ते त्या ओळीत दिसेल. होडी हलते, तेव्हा शटर १/५०० च्या खाली आणू नका. दरवाजाजवळ हत्तींना पकडून धरलेल्या पशूचं शिल्प आहे. पायऱ्यांवर उतरायची घाई असते, नावाडी ओरडत असतात. ते शिल्प परतीची होडी धरताना निवांत टिपा. पावसाळ्यात होड्या बंद असतात हे ध्यानात ठेवा.

गेटवे ऑफ इंडियाचं तोंड समुद्राकडे, कारण तो समुद्रावरून येणाऱ्यांसाठी बांधला. ४ डिसेंबर १९२४ ला तो खुला झाला आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीतून निघून गेली. त्यामुळे शहराच्या बाजूने, पहाटे, कमानीतून पलीकडचं पाणी दिसेल असा फोटो मला या वास्तूचा सगळ्यात खरा फोटो वाटतो. त्या वेळी ऊन समोरून येतं, कमान काळी राहते आणि पाणी उजळतं. पिवळसर बेसॉल्टचा रंग हवा असेल तर त्याच जागी दुपारी चारनंतर परत या.

शहरातल्या दरवाजांना तारा, फलक आणि रहदारीने वेढलेलं असतं. छत्रपती संभाजीनगरचा भडकल दरवाजा मलिक अंबरने १६१२ मध्ये बांधला, आज त्याच्या भोवती गाड्यांचा राबता आहे. इथे दोनच उपाय. एक तर उजाडायच्या आत पोचायचं. दुसरा म्हणजे ट्रायपॉडवर कॅमेरा लावून, संध्याकाळी दिवे लागल्यावर, दोन-चार सेकंद शटर उघडं ठेवायचं. गाड्या पुसून उजेडाच्या रेघा होतात आणि दगड तेवढा ठाम राहतो. फोटोतून तारा खोडून काढणं मला पटत नाही. आज तो दरवाजा असाच उभा आहे, तसाच नोंदवावा.

आता सरळ रेषांबद्दल. उंच दरवाजा फोटोत यावा म्हणून कॅमेरा वर केला की दोन्ही बुरुज आत झुकतात, वर निमुळते होतात. त्यावर साधा उपाय म्हणजे मागे सरका, मोबाइल किंवा कॅमेरा अगदी उभा धरा, पडद्यावरच्या जाळीच्या रेघा चालू करा आणि खालची जास्तीची जमीन नंतर कापून टाका. समोर एखादा पार, ओटा, चौथरा असेल तर त्यावर चढा, दरवाजाच्या अर्ध्या उंचीवर डोळा आला की अर्धं काम झालं. मोबाइलमधला सगळ्यात रुंद कॅमेरा, तो ०.५ वाला, दरवाजांसाठी वापरू नका. त्याने कडेचे दगड ताणले जातात. संगणकावर रेघा सरळ करणार असाल तर चारही बाजूंना मोकळी जागा ठेवूनच फोटो घ्या, सरळ करताना कडा कापल्या जातात.

कमानीच्या आतला अंधार

दरवाजातून आत आलं की दोन्ही अंगांना देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांच्या खोल्या, मधे अंधार, समोर लख्ख उजेड. इथे कॅमेरा गोंधळतो. देवडी दिसेल असं ठेवलं तर बाहेरचं सगळं पांढरं होतं, बाहेरचं सांभाळलं तर आत काळोख. मोबाइल असेल तर उजेडाच्या भागावर बोट दाबून धरा आणि सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. अंधारातला तपशील नंतर वर काढता येतो, जळालेला पांढरा भाग परत येत नाही. कॅमेरा असेल तर रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) घ्या, ट्रायपॉड नसेल तर भिंतीला खांदा टेकवून दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरकाने तीन फोटो घ्या आणि घरी जोडा. पण मला सगळ्यात आवडणारा मार्ग थांबण्याचा आहे. सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांत बाहेरचा उजेड उतरून आतल्या उजेडाच्या जवळ येतो, काहीही न जोडता दोन्ही दिसतं. मात्र गडावर असाल तर उतरायची वाट आणि उजेडाची बॅटरी (टॉर्च) यांचा विचार आधी करा.

खिळ्यांचे दरवाजे टिपायची जागाही हीच. फळी आतल्या बाजूला उघडून भिंतीला टेकलेली असते, खिळे कमानीच्या पोकळीकडे तोंड करून असतात आणि बाहेरून येणारा उजेड त्यांच्यावरून आडवा घासत आत जातो. दिल्ली दरवाजाच्या प्रत्येक फळीवर ७२ खिळे आहेत, हत्तीच्या गंडस्थळाच्या उंचीला. हत्तीने धडक देऊ नये म्हणून ते बसवले. तेव्हा कॅमेराही त्या उंचीच्या जवळ न्या, हात वर करून धरा, आणि खिळ्यांची टोकं सावलीसकट येतील असं बघा. एका फळीत दिंडी, म्हणजे छोटं दार असतं, माणसाने वाकून जायचं. दिंडीतून कुणीतरी वाकून बाहेर येतंय असा फोटो मिळाला तर मोठ्या दरवाजाचं आणि दिंडीचं प्रमाण शब्दांवाचून समजतं.

भिंतीतली अडसराची चौकोनी भोकं बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. एका बाजूला खोल भोक, समोरच्या बाजूला उथळ. दिवसा लाकडी अडसर खोल भोकात सरकवून ठेवायचा, रात्री ओढून समोरच्या खाचेत बसवायचा. हाताच्या वापराने त्यांच्या कडा गुळगुळीत झालेल्या असतात. ती भोकं जवळून टिपा, मोबाइलची बॅटरी बाजूने धरून.

वाड्यांच्या दरवाजांबद्दल थोडक्यात. ललाटपट्टीवरचा गणपती, उंबऱ्यावरचं कीर्तिमुख, कडी-कोयंडा, पितळी फुल्या, चौकटीवरची वेलबुट्टी, हे प्रत्येक वेगळं घ्या आणि एक फोटो असा घ्या ज्यात उंबऱ्यातून ढेलज (दारालगतची पडवी) आणि ढेलजेतून चौक दिसतो. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे, तिथे एकामागे एक चौकटी लागतात, ओळीत उभं राहून बघा. राहत्या घरात माणसं असतात. आधी हाक मारा, ओट्यावर टेका, पाणी घ्या, मग विचारा. दारातल्या चपला आणि वाळत घातलेली लुगडी हलवायला सांगू नका.

वीरगळ

आपल्याकडचं सगळ्यात जुनं युद्धस्मारक म्हणजे वीरगळ. देवळाबाहेर, वेशीजवळ, पिंपळाच्या पाराला टेकून उभी असते, बरेचदा अर्धी मातीत. गावकरी शेंदूर लावतात, नारळ फोडतात. ती खालून वर वाचायची. तळाच्या चौकटीत लढाई किंवा गुरांसाठी झालेली झटापट आणि पडलेला वीर, त्यावर त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर कलश, चंद्र-सूर्य. म्हणजे ज्या चौकटीत खरी घटना आहे तीच बरेचदा मातीत बुडालेली असते.

कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात मारुतीच्या देवळाबाहेर अशी एक वीरगळ आहे. पिंपळाची सावली दाट, दिवसभर ऊन पोचत नाही, नुसत्या डोळ्यांना फुगवटे तेवढे दिसतात. पुजाऱ्यांना आणि पारावरच्या मंडळींना विचारून आम्ही काम सुरू केलं. स्टुडिओतल्या पोराने काळी छत्री दगडावर धरली, म्हणजे वरचा मोकळा उजेड कापला गेला. मी कॅमेरा खाली जमिनीलगत ट्रायपॉडवर लावला, दगडाच्या अगदी समांतर, आयएसओ १००, एफ ८, शटर एक सेकंद. मग साधी हातातली बॅटरी दगडाच्या डाव्या कडेला, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून धरली. तलवार उगारलेला हात आणि ढालीची गोल कड वर आली. बॅटरी वरून धरल्यावर अप्सरांचे हात दिसले, वीराच्या काखेत घातलेले. उजवीकडून धरल्यावर तळाच्या कोपऱ्यात दोन गाईंची शिंगं दिसली, एकीचं तोंड मागे वळलेलं. तो माणूस गावची गुरं सोडवताना पडला होता. पारावरचे एक आजोबा उठून जवळ आले, पडद्यावर बघितलं आणि म्हणाले, "आमी एवडी वर्सं नारळ फोडतोय, गाया आज दिसल्या."

म्हणून एका वीरगळीचे कमीत कमी तीन फोटो घ्या: उजेड डावीकडून, उजवीकडून, वरून. कॅमेरा हलवायचा नाही, फक्त बॅटरी फिरवायची. मोबाइल असेल तर विटेवर टेकवून ठेवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. फ्लॅश बंद. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून उजेड टाकतो आणि दगड पुन्हा सपाट करतो.

दगडाला काहीही लावू नका. खडू, पीठ, पाणी, तेल काही नाही. अक्षरं उठावीत म्हणून खडू फिरवणारे लोक मी पाहिले आहेत, तो दगडाच्या बारीक भोकांत बसतो आणि निघत नाही. शेंदूर खरवडायचा नाही, माती उकरायची नाही. शेंदरावर तेलाची चकाकी येते, ती पोलरायझर (लेन्सपुढे लावायची, चकाकी कमी करणारी काच) फिरवून कमी होते. मुंबईत राहणाऱ्यांनी बोरिवलीजवळ एक्सरच्या वीरगळी जरूर बघाव्यात. तिथे दगडात जहाजं कोरली आहेत, वल्ह्यांच्या रांगांसकट, समुद्रावरची लढाई आहे. ती वल्ही मोजता येतील असा फोटो तिरप्या उजेडाशिवाय मिळणार नाही.

नावांच्या पाट्या आणि स्तंभ

सातारा जिल्ह्यात, कोकणात कितीतरी गावांच्या वेशीवर, चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत पांढऱ्या संगमरवराची लहान पाटी असते. या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं, आणि वेढ्यातून वाचलेले कित्येक जण पुढे कैदेत गेले. मिलिटरी अपशिंगे या एका गावातले ४६ जण त्या महायुद्धात कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे. या पाट्यांवर बरेचदा चुन्याचे किंवा रंगाचे थर चढलेले असतात. म्हणून त्या आज नीट टिपणं मला फार गरजेचं वाटतं.

पांढरा संगमरवर कॅमेऱ्याला फसवतो, फोटोत राखाडी येतो. एक्स्पोजर (फोटोत घ्यायचा उजेड) दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा. काळा ग्रॅनाइट असेल तर उलट, एक स्टॉप कमी करा, नाहीतर तो करडा दिसतो. पाटीच्या अगदी समोर, मधोमध उभे राहा, चारही कडा चौकटीला समांतर ठेवा आणि आधी पूर्ण पाटी, मग दोन-तीन ओळींचा एकेक भाग घ्या. जागेवरच पडद्यावर मोठं करून प्रत्येक नाव वाचून बघा. एकही अक्षर शंकास्पद वाटलं तर बॅटरी बाजूने धरून पुन्हा घ्या.

नव्या स्मारकांचा चकचकीत ग्रॅनाइट अवघड. त्यात तुम्ही, झाडं, आकाश, सगळं दिसतं. गडद रंगाचे कपडे घालून जा. काळं कापड किंवा काळी छत्री आपल्या मागे धरा, म्हणजे प्रतिबिंबात काळोख येतो आणि अक्षरं मोकळी होतात. पोलरायझर समोरून चालत नाही, बाजूला सरकून तिरपं उभं राहिलं की काम करतो. पितळी अक्षरांवर त्याचा उपयोग नाही, तिथे आपणच जागा बदलायची. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्यागचक्राच्या भिंतींवर ग्रॅनाइटच्या विटेविटेवर एकेक नाव आहे. भिंती गोलाकार आहेत, त्यामुळे दिवसाच्या कुठल्याही वेळी भिंतीचा कुठला ना कुठला भाग तिरप्या उजेडात असतो. तो भाग शोधत चाला.

भीमा कोरेगावचा जयस्तंभ १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा. त्यावर पडलेल्या सैनिकांची नावं आहेत, त्यात महार सैनिकांची नावं मोठ्या संख्येने. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ ला इथे आले होते. १ जानेवारीला लाखोंची गर्दी असते. त्या दिवशी माणसांचे, मानवंदनेचे फोटो काढा, निळ्या झेंड्यांच्या मधून वर निघालेला स्तंभ टिपा. नावांसाठी एखाद्या साध्या दिवशी जा आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा थांबा. चारही बाजूंच्या लेखांवर एकाच वेळी चांगलं ऊन कधीच येत नाही.

युरोपात राहणाऱ्या किंवा फिरायला जाणाऱ्या आपल्या लोकांसाठी. फ्रान्समध्ये न्यव्ह शापेलला १९२७ मध्ये उभं राहिलेलं भारतीय सैनिकांचं स्मारक आहे, ज्यांची समाधी सापडली नाही अशा ४,७०० हून अधिक जणांची नावं गोल भिंतीवर कोरलेली. तिथून फार लांब नाही ते बेल्जियममधलं ईप्र, तिथला मेनिन दरवाजा म्हणजे दरवाजा आणि स्मारक दोन्ही, ५४,००० हून अधिक नावं. रोज संध्याकाळी आठला कमानीखाली बिगुल वाजतो. त्या वेळी कॅमेरा खाली ठेवून ऐका, फोटो आधी तासभर येऊन काढा. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत प्रत्येक नावापुढे फलकाचा क्रमांक दिलेला असतो. गावातल्या कुणाचं नाव शोधायचं असेल तर तो घरूनच लिहून न्या. मेसोपोटेमियात गेलेल्यांची नावं बसऱ्याच्या स्मारकाखाली मिळतात. पुण्यातल्या लोकांना खडकीची युद्धस्मशानभूमी तर हाकेच्या अंतरावर आहे, पांढऱ्या दगडांच्या त्या रांगा थंडीतल्या सकाळी लांब सावल्यांत घ्या.

वागणं

स्मारकाच्या चौथऱ्यावर चढू नका, त्यावर बॅग, बाटली, लेन्सचं झाकण ठेवू नका. चपला काढायच्या का ते तिथल्या माणसांकडे बघून ठरवा, शंका असेल तर काढा. घरचं कुणी आलं असेल, हार घालत असेल, तर मागे सरका, आणि फोटो हवा असेल तर नंतर जवळ जाऊन विचारा. नाही म्हणाले तर विषय संपला. लग्नात मी दिवसभर माणसांच्या अगदी तोंडापुढे कॅमेरा धरते, इथे तसं वागायचं नसतं.

पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंत ट्रायपॉडला आधी परवानगी लागते, ड्रोनला तर लागतेच. छावणीच्या हद्दीतल्या स्मारकांजवळ सैनिकांना विचारूनच कॅमेरा काढा आणि शेजारच्या इमारती चौकटीत घेऊ नका.

घरी आल्यावर

त्याच रात्री फोटोंना नावं द्या. गाव, तालुका, दरवाजाचं किंवा पाटीचं नाव, तोंड कुठल्या दिशेला, तारीख, वेळ. वीरगळीच्या शेजारी एका फोटोत फूटपट्टी ठेवलेली असेल तर अभ्यासकांना उंची कळते. पाटीवरची नावं वहीत किंवा संगणकात टंकून ठेवा, जशी कोरली आहेत तशीच, आपल्या मनाने ऱ्हस्व-दीर्घ न सुधारता. वाचता न आलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह घाला. अंदाजाने नाव पुरं करू नका, कुणाच्या तरी पणजोबाचं नाव बदलून जाईल.

रंग फार वाढवू नका. आपल्या गडांचा बेसॉल्ट काळसर करडाच असतो, त्याला सोनेरी करण्यात अर्थ नाही. नावं उठावीत म्हणून काळा-पांढरा करून कॉन्ट्रास्ट वाढवलेली एक वेगळी प्रत ठेवा, मूळ फाइल तशीच राहू द्या.

आणि एक छापील प्रत गावाला द्या. बारा बाय अठरा इंचाचा, मॅट कागदावर काढलेला फोटो, मागे पेन्सिलीने तारीख आणि सगळी नावं लिहून. शाळेत किंवा ग्रामपंचायतीत द्या, मुख्याध्यापकांना किंवा ग्रामसेवकांना भेटून, हातात. काच लावायची असेल तर फोटो आणि काच यांच्यात माउंटचा पुठ्ठा घालायला सांगा, नाहीतर दोन पावसाळ्यांत कागद काचेला चिकटतो.